नोकरीचं पत्र आलंय आणि आईच्या चकल्याही चालल्यात: हिशेब कसा मांडायचा?

पल्लवी_भांडुप
नमस्कार मंडळी. इथे आजवर नुसती वाचक होते, पहिलाच धागा काढतेय. मी टीवायबीकॉमला आहे, परीक्षा झाली की मोकळी. कॉलेजच्या प्लेसमेंटमधून लोअर परळच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय, वर्षाला ३,६०,००० सीटीसी (कॉस्ट टू कंपनी). घरात लगेच बाराने भागून महिना तीस हजार असं जाहीर झालं. बाबांनी मामाला फोनसुद्धा केला.

दुसरीकडे आई चकली, भाजणी, मेतकूट करून विकते. आधी बिल्डिंगपुरतंच होतं, आता ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत ऑर्डरी येतात. चकली ४८० रुपये किलो जाते, सामान किलोला १९० च्या आसपास पडतं. म्हणजे किलोमागे २९० सुटतात. महिन्याला शंभर किलो केलं तर २९,००० झाले की! शिवाय दादरच्या एका दुकानातून महिना चाळीस किलोची विचारणा आलीय. मग लोकलचे धक्के खात नोकरी करायचीच कशाला, असं डोक्यात आलंय.

तीन वर्षं ताळेबंद जुळवतेय, पण हे दोन कागद शेजारी ठेवले की काही जुळत नाही. ऑफर लेटर नीट कसं वाचायचं आणि चकलीत खरं काय सुटतं, कोणी समजावेल का?

एचआरवाली_मावशी
अभिनंदन पल्लवी. पत्राच्या शेवटी पगाराची फोड दिलेलं एक पान असतं, ते इथे टाक. कंपनीचं नाव नको, नुसते आकडे. ते पान न बघता सही करणाऱ्या मुलांना मी रोज भेटते.

पल्लवी_भांडुप
हे घ्या मावशी, सगळं महिन्याचं. बेसिक १५,०००. एचआरए ६,०००. स्पेशल अलाउन्स २,९७९. कंपनीचा पीएफ १,८००. ग्रॅच्युइटी ७२१. मेडिक्लेम ५००. व्हेरिएबल पे ३,०००. बेरीज बरोबर तीस हजार येते, करून बघितली.

एचआरवाली_मावशी
बेरीज येणारच गं. सीटीसी म्हणजे तुझ्यामागे कंपनीचा होणारा खर्च. त्यातला किती तुझ्या खात्यात पडतो हा वेगळा प्रश्न.

पहिले तीन आकडे धर. २३,९७९. हा तुझा महिन्याचा ग्रॉस पगार. बाकीचे चार आकडे महिन्याच्या महिन्याला तुझ्या हातात येत नाहीत. आता या ग्रॉसमधून तुझा स्वतःचा पीएफ कापला जाईल, बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,८००. प्रोफेशनल टॅक्स तुला नाही, कारण महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. तुझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे महिन्याला २०० जातील आणि फेब्रुवारीत ३००. इन्कम टॅक्सची काळजी या पगाराला नाही. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, त्याची कपात तुझ्या फोडीत दिसत नाही, त्याऐवजी मेडिक्लेम दिलाय. थोडक्यात हातात २२,१७९.

पीएफ मात्र कापला गेला म्हणून रडायचं नाही, ते तुझेच पैसे. तुझे १,८०० पूर्ण पीएफ खात्यात. कंपनीच्या १,८०० मधले १,२५० पेन्शनच्या खात्यात आणि ५५० पीएफमध्ये. यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा कायमचा नंबर, एकदा मिळाला की नोकरी बदलली तरी तोच चालवायचा. दरवेळी नवा काढून बसलेली माणसं पुढे पैसे काढताना पीएफ ऑफिसच्या चकरा मारतात.

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम. तिचे ७२१ कागदावर दरमहा दिसतात, पण कायम नोकरीत पाच वर्षं भरल्याशिवाय ती हातात येत नाही. तुझं पत्र ठरावीक मुदतीचं असेल तर गोष्ट वेगळी, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झालेत आणि त्यात मुदतीच्या नोकरीला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी धरलीय. पत्रात ‘फिक्स्ड टर्म’ असे शब्द आहेत का बघ.

आणि व्हेरिएबल, म्हणजे कमीजास्त होणारा पगार. तो कधी देतात, कशावर देतात आणि गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती दिला, हे ईमेलने विचार. फोनवर नको.

कट्टाकर
म्हणजे मामाला परत फोन करावा लागणार.

उद्योगभरारी
पल्लवी, नोकरी म्हणजे गुलामी. मराठी माणूस यातच मागे राहिला. हिंमत कर, पत्र फाड, चकलीचा ब्रँड कर. आज सुरुवात केलीस तर पाच वर्षांत तूच दहा जणांना पगार देशील.

हिशेबनीस
भरारीसाहेब, पत्र फाडण्याआधी चकली मोजूया का?

पल्लवी, १९० मध्ये काय काय धरलंयस? माझा अंदाज, भाजणी, तेल, तीळ, तिखट-मीठ. आणि आज महिन्याला जातात किती किलो? शंभर नको सांगू, आज जातात तेवढे.

पल्लवी_भांडुप
हो काका, तेवढंच धरलंय. एरवी महिन्याला साधारण तीस किलो. दिवाळीत दीडशेच्या घरात गेलं होतं, पण तेव्हा मावशी आणि शेजारच्या काकू मदतीला होत्या आणि मी कॉलेज बुडवलं होतं.

हिशेबनीस
हेच हवं होतं. आता सरळ मांडतो, आकडे इकडचे तिकडे झाले तर आईला विचारून दुरुस्त कर.

सामान १९०. गॅस किलोमागे १५ धर. डबा, पिशवी, लेबल मिळून २२. ऑर्डर पोचवायला सरासरी ३०. तुटलेल्या चकल्या घरात खाल्ल्या जातात, त्या कुठल्या वहीत येत नाहीत, त्यांचे किलोला १०. हे झाले २६७. आता आईची मजुरी. मळणं, सोऱ्या फिरवणं, तळणं, निवल्यावर भरणं, सगळं धरून तासाला दीड किलो होत असेल तर तो हात चांगलाच चालणारा समज. बाहेरची बाई लावली तर तासाला शंभर तरी मागेल, म्हणजे किलोला साधारण ७०. एकूण ३३७.

४८० वजा ३३७, नफा १४३. तू म्हणतेस त्याच्या निम्म्यालाही जरा कमीच.

आता म्हणशील, मजुरीचे ७० तर आईलाच मिळतात. बरोबर. तीस किलोवर घरात येतात महिन्याला ६,३९०, त्यातली २,१०० आईची मजुरी आणि ४,२९० धंद्याचा नफा. हे दोन कप्पे वेगळे ठेवणं हीच धंद्याची पहिली शिकवणी. उद्या आईची पाठ धरली आणि बाई लावावी लागली, तर मजुरी तिच्याकडे जाईल आणि नफा तुमच्याकडे राहील. दोन्ही एकाच पिशवीत टाकलं की तो दिवस येईपर्यंत कळतच नाही की धंदा चालतोय का आई राबतेय.

शंभर किलो खपले तर मजुरी धरून २१,३०० येतील, म्हणजे तुझ्या इनहँडच्या जवळपास. धंदा वाईट नाही हां, मुळीच नाही. पण शंभर किलो घेणारी माणसं कुठेयत, हा प्रश्न चकलीच्या चवीने सुटत नाही.

निशिगंधा_मुलुंड
काका, एक राहिलं. भाजणी भाजणं, दळून आणणं, तीस जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ताई कधी मिळेल’ची उत्तरं देणं, याचा वेळ कुठे धरला? मी पुरणपोळ्या करते. पोळीपेक्षा फोनच जास्त लाटावा लागतो.

हिशेबनीस
मान्य. किलोला अजून दहा-पंधरा काढून ठेवा.

पल्लवी_भांडुप
मी फोनचा वेळ धरलाच नव्हता, तो सगळा माझाच जातो. दुकानाच्या चाळीस किलोचं काय? त्यांचं म्हणणं, डब्यावर एमआरपी ४८० टाका, आम्ही २५ टक्के ठेवू, पैसे दीड महिन्याने.

दादरचा_दुकानदार
इथे माझ्या धंद्याबद्दल चाललंय, म्हणून बोलतो. (तो दुकानदार मी नव्हे!)

एमआरपीवर २५ टक्के म्हणजे तो तुम्हाला ३६० देणार आणि १२० ठेवणार. ऐकून राग येतो, माहितेय. त्याच्या खरेदीवर बघितलंत तर ते ३३ टक्के होतात, म्हणून कोणी टक्के बोललं की आधी विचारायचं, कशावरचे? पण त्या १२० मध्ये रानडे रोडसारख्या ठिकाणचं भाडं आहे, दोन पोरांचा पगार आहे, लाईट आहे, ‘जरा चव बघू’ म्हणून उघडलेली पाकिटं आहेत. गणपतीत माझ्याकडे उभं राहायला जागा नसते आणि मार्गशीर्षात माशी मारायलाही कोणी नसतं. भाडं मात्र बारा महिने.

पल्लवी, दुकानाला देताना तीन गोष्टी लिहून घे. उरलेला माल परत येणार का, आला तर कोणाच्या बोकांडी? खवट झाला तर तारीख कोणी बघायची? आणि पैसे किती तारखेला? आमच्यात बरंचसं तोंडी चालतं, पण नव्या माणसाने तोंडी चालवू नये.

हिशेबनीस
दुकानदारसाहेब सरळ बोलले, बरं वाटलं. आकडे मी देतो. एकदम माल द्यायचा म्हणून पोचवण्याचे किलोला १० च धरू. मजुरीसकट खर्च ३१७, मिळणार ३६०, राहतात ४३. चाळीस किलोवर नफा १,७२०.

त्याहून महत्त्वाची गोष्ट उधारीची. दीड महिन्याची उधारी म्हणजे कुठल्याही क्षणी साठ किलोचे पैसे बाहेर अडकलेले. सामान, गॅस, डबा, टेम्पो मिळून किलोला २३७, म्हणजे १४,२२० रुपये तुमच्या खिशातून आधी गेले आणि ते फिरतच राहणार, परत येणार नाहीत. याला खेळतं भांडवल म्हणतात, हे तू परीक्षेत लिहिलंयस. आता ते आईच्या डब्यातून जाताना बघ.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. करार लेखी असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत, करारच नसेल तर १५ दिवस. नंतर चक्रवाढ व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लघुउद्योगांच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

दादरचा_दुकानदार
आहे खरं. पण कायद्याचा कागद पुढे केला की पैसे मिळतात आणि पुढची ऑर्डर जाते. पहिले तीन महिने दहाच किलो द्या, रोखीने. घेतलं तर घेतलं.

परळचा_जुना
लोअर परळ वाचलं म्हणून लिहितो. तू ज्या काचेच्या इमारतीत बसशील तिथे आसपास गिरण्या होत्या. माझे वडील त्यातल्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे कार्ड घेऊन सकाळी गेटवर उभं राहायचं, कायम माणूस आला नाही तर आत घ्यायचे, आला तर घरी. वडील कायम झाले त्या दिवशी चाळीत पेढे वाटले होते. पगार काही फार वाढला नव्हता. पण उद्या काम आहे की नाही, ही काळजी वडिलांच्या डोक्यावरून मालकाच्या डोक्यावर गेली.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढचं मुंबईला माहीत आहे. कायम नोकरीही कायम नसते हे आमच्या घराने बघितलंय. तरी तुला सांगतो, दोन कागद समोर ठेवशील तेव्हा किती मिळतात हे नंतर बघ. आधी हे बघ की महिना वाईट गेला तर खार कोणाच्या पदराला लागणार. नोकरीत ऑर्डर कमी आली तरी एक तारखेला तुझे २२,१७९ येतात, तोटा मालकाचा. चकलीत पाऊस लागला, गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर तो महिना तुझ्या आईचा जातो. नफा त्याचाच मोबदला आहे.

म्हणून पत्रात व्हेरिएबल नावाचे ३,००० आहेत ना, तेवढ्यापुरती तूही बदलीवर आहेस असं समज.

एचआरवाली_मावशी
काका, हे शेवटचं वाक्य मी आता प्रत्येक बॅचला सांगणार.

पल्लवी, अजून थोडं. मूळ मार्कशीट कोणाकडेही ठेवायला द्यायची नाही, झेरॉक्स द्यायची, मूळ दाखवून परत घ्यायची. डिपॉझिट मागितलं तर तिथून उठायचं. बॉन्ड असेल तर किती वर्षांचा, सोडलं तर किती भरायचे आणि त्या बदल्यात प्रशिक्षण खरंच देतात का, ते वाच. नोटीस पिरियड प्रोबेशनमध्ये किती, नंतर किती, तेही. आणि बाहेर दुसरं काम करायचं नाही असं कलम जवळजवळ सगळीकडे असतं, म्हणून चकलीचा धंदा कागदोपत्री आईच्याच नावावर राहू दे.

उद्योगभरारी
सगळे मिळून पोरीला घाबरवताय. लिज्जत पापड गिरगावात गच्चीवर सुरू झालं होतं, ८० रुपये उसने घेऊन. त्यांनी काय खेळतं भांडवल मोजलं होतं?

निशिगंधा_मुलुंड
मोजलं होतं, म्हणूनच टिकलं. १९५९ साली सात जणींनी सुरुवात केली, ८० रुपये उसनेच होते हे खरं. पण तिथे एकटीच्या हिमतीपेक्षा रचना बघण्यासारखी आहे. पीठ एका जागी मळतात, बायका ते घरी नेऊन लाटतात, पापड आणून तोलून देतात. लाटण्याची मजुरी वेगळी आणि सभासद म्हणून नफ्या-तोट्यातला वाटा वेगळा. हिशेबनीस काका वर दोन कप्पे म्हणाले, तेच. पल्लवीच्या आईला शंभर किलो करायचं असेल तर भाजणी आपल्या ताब्यात ठेवून पाडायला-तळायला शेजारच्या काकूंना ठरावीक दराने घ्यावं लागेल. दिवाळीत तसंच झालं ना? काकूंना काय दिलंत?

पल्लवी_भांडुप
अर्धा किलो चकली आणि एक ब्लाऊजपीस...

कट्टाकर
काकूंची युनियन होण्याआधी दर ठरवा.

हिशेबनीस
थोडं कागदपत्रांचंही सांगून टाकतो.

घरून खाण्याचे पदार्थ विकताय तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची नोंदणी लागते. एवढ्या उलाढालीला मोठं लायसन नाही, नुसती नोंदणी पुरते, फी नाममात्र आहे. चौदा आकडी नंबर मिळतो, तो लेबलवर छापायचा. सोबत घटकपदार्थ, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ते आणि शाकाहारीची हिरवी खूण. दुकानदार याशिवाय माल ठेवणार नाही, ठेवला तर तोच अडकेल. उद्यम नोंदणी आधारवर होते, फुकट आहे. त्याचे दोन हजार मागणारे एजंट स्टेशनबाहेर पुष्कळ मिळतील, त्यांना ओलांडून जा.

जीएसटीचा बागुलबुवा नको. आपल्या राज्यात मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, तुमची दिवाळी धरूनही तिथवर पोचायला वेळ आहे. फक्त एक मेख आहे, परराज्यात माल विकायचा तर ही सूट नाही. पुण्याच्या आत्याला पार्सल चालेल, बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाचे पैसे घेण्याआधी विचार कर. घरचा लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, वाढवणार असाल तर व्यावसायिक घ्यावा लागेल आणि मग ते गॅसचे १५ परत मोज.

आणि आईच्या नावाने बँकेत एक वेगळं खातं, आजच. चकलीचा प्रत्येक रुपया तिथे, किराणाही तिथूनच. सहा महिन्यांनी बँकेत मुद्रा या छोट्या धंद्यांच्या सरकारी योजनेतलं कर्ज मागायला गेलात, ५०,००० पर्यंतचं शिशु, तर पासबुकच तुमच्यासाठी बोलेल. वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

साहिल_विक्रोळी
मीपण टीवायला आहे, प्लेसमेंट नाही लागली. माझ्यासारख्याने काय करायचं?

एचआरवाली_मावशी
साहिल, राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बघ, पदवीधराला १०,००० विद्यावेतन ठरवलं होतं. अप्रेंटिस कायद्याखाली मोठ्या कंपन्या आणि बँकाही मुलं घेतात, पीएफ नसतो पण अनुभवाचा कागद मिळतो. वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर लिहिते. इथे चकली चालू आहे.

पल्लवी_भांडुप
सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला घेऊन बसले. मजुरीचे ७० ऐकून ती हसलीच, म्हणाली मला कोण पगार देतंय. मग जरा वेळाने स्वतःच म्हणाली, तासाला शंभर कमी आहेत.

नोकरीचं पत्र दुरुस्त नजरेने वाचलं. फिक्स्ड टर्म नाही, प्रोबेशन सहा महिने, बॉन्ड नाही. व्हेरिएबलबद्दल मेल टाकलाय, उत्तर यायचंय. उत्तर काहीही आलं तरी सही करणार आहे. पगारातले पाच हजार महिन्याला आईच्या नव्या खात्यात जातील, म्हणजे दुकानाची उधारी सोसायची ताकद दिवाळीपर्यंत येईल. फोन आणि ऑर्डरी रविवारी मी बघेन. दादरच्या दुकानाला दहा किलो रोखीने विचारलं, ते म्हणाले पंधरा किलो, आठ दिवसांची उधारी, उरलेला माल परत नाही. आई म्हणते हो म्हण. काका, म्हणू?

हिशेबनीस
परत नाही हे लेखी घे आणि म्हण. दर ३६० च आहे ना?

पल्लवी_भांडुप
३५५ म्हणतायत.

दादरचा_दुकानदार
३६० वर अडून राहा. पंधरा किलोला पंच्याहत्तर रुपयांसाठी कोणी चांगली चकली सोडत नाही. बाय द वे, डबे कुठून घेता? २२ मध्ये लेबलसकट म्हणजे किरकोळीत घेत असणार. क्रॉफर्ड मार्केटच्या मागे अब्दुल रहमान स्ट्रीटला एकदा चक्कर मारा, शंभरच्या वर घेतले तर भाव बराच उतरतो.

निशिगंधा_मुलुंड
जाणार असाल तर मलाही कळव पल्लवी, मला पोळीचे चपटे डबे हवेत. शनिवारी सकाळी जमेल का? दुपारनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

पल्लवी_भांडुप
शनिवारी नऊ वाजता, मशीद बंदर स्टेशन, तिकीट खिडकीपाशी. आईला पण आणते.